कुलवृत्तांतात घरच्या जनावरांना जागा द्यावी का? तुमच्याकडे कोण कोण होतं?

पडवीतला

मंडळी, नमस्कार.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने छापायचं चाललंय. मागची आवृत्ती आजोबांच्या वेळची. घरटी एक फॉर्म आलाय: नाव, जन्म, शिक्षण, व्यवसाय, पत्नीचं माहेर, मुलंबाळं, आणि शेवटी 'विशेष माहिती' म्हणून चार ओळींची जागा. बाकीचं सगळं भरून झालं. विशेष माहितीत मात्र मला आमच्या घरच्या जनावरांविषयी लिहायचंय, आणि चार ओळींत ते मावत नाही. चुलतभावाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अरे, गुराढोरांचं काय लिहायचं त्यात?" आईला विचारलं. ती ८६ वर्षांची आहे. तिने फॉर्म हातात घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "तांबूचं नाव कुठाय?"

म्हणून इथे विचारतोय. पण आधी आमच्याकडचे सांगतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

आमचं घर दापोली तालुक्यातलं. पुढे पडवी, मागे आगर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, अंगाला गोठा. तांबू आमची गाय. लहान चणीची, तांबडी, कपाळावर पांढरा टिळा. अलीकडे या गुरांची 'कोकण कपिला' म्हणून स्वतंत्र जात नोंदली गेली आहे. आमच्या लहानपणी सगळे त्यांना नुसतं गावठी म्हणत आणि दूध कमी म्हणून नाक मुरडत. दूध होतंही कमी, दोन्ही वेळचं मिळून दीड शेर झालं तर खूप. पण भर उन्हात ती सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, चरायची, कातळ चढून जायची, आणि चार महिने पावसात उभी राहूनही तिच्या खुरांना कधी काही झालं नाही. दिवेलागणीला आपली आपण परत यायची. बेड्याशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी, उभी राहून एकदाच हंबरायची. दुसऱ्यांदा हंबरायची वेळ आजीने कधी येऊ दिली नाही.

तांबू आजीची होती. दूध फक्त आजीने काढायचं. आजी गेली तेव्हा मी पाचवी-सहावीत असेन. आई धारेला बसली की तांबू पान्हा चोरायची. वासरू लावलं की सोडायची, आईचा हात लागला की आखडून घ्यायची. गूळ घालून आंबोण दिलं, पाठ खाजवली, काही उपयोग नाही. शेवटी आमच्या आत्याने आजीचं एक न धुतलेलं लुगडं काढून आईच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "आता बस, आणि बोलू नको." मी दाराशी उभा होतो. तांबूने मान वळवून लुगड्याचा पदर हुंगला, बराच वेळ हुंगला, आणि तांब्यात पहिली धार वाजली. आई रडत होती आणि धार काढत होती. पुढे कितीतरी महिने ते लुगडं गोठ्यातल्या खुंटीवरच असायचं.

आता मला सांगा, माझ्या आजीची माहिती फॉर्ममध्ये एका ओळीत बसते. जन्मसाल, माहेरचं नाव, मृत्यू. ती कशी होती हे त्या घरात तांबूला जेवढं कळत होतं तेवढं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

दिवाळीच्या पाडव्याला गुरांना न्हाऊ घालून अंगावर गेरूचे ठसे उठवायचे. आम्ही पोरं पेल्याची कड गेरूत बुडवून गोल ठसे काढायचो, बाबा मात्र स्वतःचा पंजा उठवायचे. तांबूच्या डाव्या कुशीवर बाबांचा पंजा आठवडाभर दिसायचा.

मग मोत्या. पिवळट, एक कान मोडलेला. रात्री पडवीत झोपायचा आणि गाव सामसूम झाल्यावर एक फेरी मारून यायचा. त्याला श्रावणात वाघाने नेलं. बिबट्याच, पण आमच्याकडे वाघच म्हणतात. रात्री एकदा केकाटला, मग काही नाही. बाबा गॅसबत्ती घेऊन त्या पावसात ओहोळापर्यंत जाऊन आले. सकाळी परत गेले. त्यानंतर आमच्याकडे जो जो कुत्रा आला तो रात्री ओटीवर, दाराच्या आत झोपला. घरात कुत्रा घेतला म्हणून शेजारपाजारचे बोलले, बाबांनी लक्ष दिलं नाही.

चिंगी मांजर आत्याची. आत्या बालविधवा, माहेरीच राहिलेली. घरात तिच्या मालकीचं म्हणावं असं फार काही नव्हतं. चिंगी तिची होती. भाताच्या कणगीमागे व्यायची, आणि डोळे उघडले की एकेक पिल्लू मानेला धरून आत्याच्या अंथरुणात आणून ठेवायची. आमच्या कुणाच्याही नाही. मांजर हातून मेलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं आत्या आम्हाला दरडावायची. आम्ही चिंगीच्या शेपटीलाही कधी हात लावला नाही.

नोकरीसाठी मी कल्याणला आलो. तळमजल्यावर दोन खोल्या, आणि तिथे आपणहून आलेली ठमी. काळी-पांढरी-नारिंगी, तिरंगी. २६ जुलै २००५ ला मी ऑफिसात अडकलो होतो, गाड्या बंद, फोन बंद. रात्री उल्हास नदीचं पाणी कल्याणात शिरलं. बायको दोन्ही मुलांना घेऊन वरच्या शेजाऱ्यांकडे गेली. ठमीला न्यायला परत खाली उतरली तर गुडघ्याच्या वर पाणी, आणि ठमी माळ्यावर. तिची चार पिल्लं खालच्या कपाटात होती. ती तिने आधीच उचलून माळ्यावरच्या मोदकपात्रात नेऊन ठेवली होती आणि स्वतः त्यावर बसली होती. बायकोने हात पुढे केला तर फिस्कारली. पाणी ओट्यापर्यंत चढलं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी पोचलो तेव्हा घरात चिखल, गाद्या गेलेल्या, मुलांच्या वह्या गेलेल्या, आणि माळ्यावर पाचही जणं कोरडी ठणठणीत. बायको आजही म्हणते, त्या रात्री आपल्या घरात सगळ्यात आधी ठमीला कळलं.

आणि आता भिंगरी. २०१२ मध्ये पावसाळ्याच्या तोंडावर मुलीने नाल्याच्या कडेवरून उचलून आणली. देशी, तपकिरी, शेपटीचं टोक पांढरं. मध्यंतरी गोचीड ताप झाला होता, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, प्लेटलेट उतरल्या, डॉक्सिसायक्लिनचा मोठा कोर्स करून त्यातून निघाली. आता मूत्रपिंडं थकली आहेत. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मी घरीच कातडीखाली सलाईन लावतो. पडद्याच्या दांडीला पिशवी अडकवायची, मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, तिथे जो तंबू होतो त्यात सुई घालायची. पाणी आत जाऊ लागलं की खांद्यावर टेंगूळ येतं, आणि रात्रीपर्यंत ते सरकत सरकत पुढच्या पायात उतरतं आणि जिरतं. भिंगरी पूर्ण वेळ माझ्या मांडीवर हनुवटी टेकून असते. डोळ्यांनी अंधुक दिसतं तिला, ऐकू तर येतच नाही. पिशवी दांडीला लावल्याचं मात्र तिला कसं कळतं कोण जाणे, आपली आपण येऊन बसते.

सोसायटीत एकजण म्हणाले, "एवढं कशाला करता, कुत्रंच आहे." मी उत्तर दिलं नाही. इथे देतो. ही माझ्या मुलीच्या आठवीपासून या घरात आहे. मुलगी आता बंगळुरूला असते. आमच्या घरात मुलीच्या लहानपणाची साक्ष आम्हा दोघांनंतर हिच्याकडेच आहे.

तर विचारायचं असं की, तुमच्या कुणाच्या कुलवृत्तांतात किंवा घरच्या वहीत जनावरांची नोंद आहे का? असेल तर कशी लिहिली आहे? आमच्याकडे तांबूचा, मोत्याचा, चिंगीचा एकही फोटो नाही. फोटोवाला गावात फक्त लग्नामुंजीला यायचा. मग ही माहिती कुठून गोळा करायची? आणि मुख्य म्हणजे, तुमच्याकडे कोण कोण होतं ते सांगा.

---

गोदाकाठ

पडवीतला भाऊ, आमच्याकडे कुलवृत्तांत नाही, पण नोंद आहे. तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

मी माजलगावकडचा. आजोबांची एक पत्र्याची पेटी होती, त्यात जमिनीचे कागद आणि बैलबाजाराच्या पावत्या. बैल घेतला-विकला की बाजारात पावती व्हायची. आमच्या एका पावतीवर लिहिलंय: बैल, रंग लाल, शिंगं मागे वळलेली, उजव्या कानाला चीर, चौसा. चौसा म्हणजे चार दात आलेला. बैलाचं वय दातावरच बघतात: दोनदाती, चौसा, सहादाती, मग जुळला. हा आमचा मोरा. लाल कंधारी जातीचा. त्याचाही फोटो नाही, पण पावती वाचली की तो आख्खा उभा राहतो. तुमच्या घरी गाय बाजारातून आली असेल तर जुन्या कागदांत बघा.

मोराचा जोडीदार सोन्या. १९७२ च्या दुष्काळात आमच्या विहिरीला थेंब नव्हता. घरातले सगळे खडी फोडायला जायचे, खायला मिलो ज्वारी आणि सुकडी. कडब्याचा भाव आभाळाला भिडलेला. आजोबांनी सोन्याला बाजारात नेलं आणि विकलं. मोराला न्यायला निघाले तर आजी दावणीत आडवी झाली. म्हणाली, "याला न्यायचं तर मला आधी न्या." मग घराच्या छपरावरचं जुनं पाचट उपसून मोराला घातलं. पाऊस झाला तेव्हा एकट्या मोराच्या जोडीला शेजारच्याचा बैल सावडीने, म्हणजे आळीपाळीने वापरायच्या बोलीवर, घेतला आणि पेरणी झाली.

आजोबा त्यानंतर प्रत्येक पोळ्याला पुरणपोळीचे दोन घास बाजूला काढायचे. एक मोराला द्यायचे, दुसरा हातात धरून थोडा वेळ उभे राहायचे आणि मग तोही मोरालाच द्यायचे. सोन्या कुणी घेतला, कुठे गेला, हे त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

तुमच्या चुलतभावाला सांगा, आमची सात जणांची कुटुंबं त्या एका बैलावर उभी राहिली. त्याचं नाव लिहायचं नाही तर कुणाचं लिहायचं?

---

जुनी वही

मी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं संपादन केलं आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. राग नसावा.

कुलवृत्तांत हा आधी संदर्भग्रंथ असतो. पन्नास वर्षांनी कुणीतरी आपला पणजोबा कोण, मूळ गाव कोणतं, कोण कुठे दत्तक गेलं हे शोधायला तो उघडतो. तिथे प्रत्येक घराने गाय, कुत्रा, मांजर लिहायचं ठरवलं तर वंशावळ शोधणाऱ्याला रान माजल्यासारखं होईल. पानांचा खर्च वर्गणीतून होतो, हेही आहे. मी संपादक असतो तर मुख्य नोंदीत हे घेतलं नसतं.

पण तुम्ही लिहिलेला आजीच्या लुगड्याचा प्रसंग मी दोनदा वाचला. माझं मत असं की हे परिशिष्टात जावं. आमच्या ग्रंथात शेवटी 'आठवणी' असा भाग होता आणि आज नातेवाइकांत सर्वात जास्त तोच वाचला जातो. तुमच्या संपादकांना तसं सुचवा.

माहिती कुठून मिळवायची याबद्दल: वाटणीपत्रं बघा. भावाभावांच्या वाटण्या होताना गुरंसुद्धा वाटली जायची. आमच्या एका वाटणीपत्रात भांडी आणि सोन्याच्या आधी 'दुभती म्हैस एक, वासरासह' असं आहे.

---

पडवीतला

वही दादा, राग कसला. संदर्भग्रंथाचं तुमचं म्हणणं मला पटतं. नाव शोधणाऱ्याला नाव चटकन सापडलं पाहिजे. परिशिष्टाचं आजच लिहून कळवतो.

एका गोष्टीवर मात्र मी अडून राहीन. आमच्या आत्याची मुख्य नोंद अशी आहे: नाव, जन्म, 'बालविधवा', मृत्यू. ती माझ्या आयुष्यात साठ टक्के होती, आणि तिला द्यायला ग्रंथाकडे दुसरा शब्द नाही. तिच्या नोंदीत चिंगीचं एक वाक्य मी मुख्य भागातच मागणार आहे. तिला मुलंबाळं नव्हती, तो रकाना रिकामाच आहे. तेवढी जागा तिथे आहे.

गोदाकाठ, तुमचं वाचून आईला वाचून दाखवलं. तिने आजोबांचं पुरणपोळीचं परत एकदा वाचायला लावलं.

---

गिरगाव ते एडिसन

काका, मी चाळीत वाढले. आमच्याकडे गाईगुरं कुठली, पण गॅलरीत मिठू होता. काकूचा. पितळी पिंजरा, त्यात हिरवी मिरची आणि भिजवलेली डाळ. सकाळी सातच्या आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की तो "विठ्ठल विठ्ठल" सुरू करायचा आणि तिसऱ्या खोलीतले आजोबा घड्याळ लावायचे. आज कळतं की आपले देशी पोपट पाळायला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. मिठूने आकाश कधी बघितलंच नाही. पण तो आमच्या चाळीत होता आणि काकू त्याच्याशी जितकं बोलायची तितकं घरात कुणाशीच बोलायची नाही. मी लिहीन तर दोन्ही लिहीन.

तळमजल्यावर टिपू होता, सगळ्या चाळीचा कुत्रा. पिसाळला आणि आम्हा चार पोरांना चावला. पोटात चौदा इंजेक्शनं. आई रोज हाताला धरून रांगेत उभी राहायची. त्याआधी चार वर्षं तोच टिपू आम्हाला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायचा, हेही मी विसरले नाही. आमच्या घरी मात्र नंतर त्याचं नाव काढायची सोय नव्हती.

आता न्यू जर्सीत आहे. आमचा लॅब्रॅडोर गेल्या हिवाळ्यात गेला. इथे दवाखान्यात मऊ मातीत पंजाचा ठसा घेऊन देतात. माझ्या मुलाने तो त्याच्या टेबलावर ठेवलाय. तुमच्याकडे जुन्यांचे फोटो नाहीत म्हणता, पण भिंगरी आहे ना! तिच्या पंजाचा ठसा आत्ताच घेऊन ठेवा. शाई नको, चाटेल. तुम्ही पाडव्याला वापरता तो गेरू चांगला, आणि लगेच कोमट पाण्याने पाय पुसा.

---

गुरांचा डॉक्टर

मी पशुवैद्य, पूर्वी सरकारी दवाखान्यात, आता खासगी. आठवणींचं वाचायला फार बरं वाटलं. दोन-चार कामाच्या गोष्टी लिहितो.

पडवीतला साहेब, सलाईनची पिशवी लावण्याआधी कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उबेइतकी करा. गार पाणी कातडीखाली गेलं की म्हाताऱ्या कुत्र्याला हुडहुडी भरते. सुई दर वेळी नवीन. दुखतंय असं वाटलं तरी माणसाची औषधं देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहे आणि पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. मनुका, द्राक्षं, कांदा, चॉकलेट कुत्र्याला नाही म्हणजे नाही. आमच्या लहानपणी सगळीकडे शिळ्या आमटीत पोळी कुस्करून घालायचे, त्या आमटीत कांदा असायचाच.

एडिसनच्या ताई, ती पोटातली इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या लशीची होती. ती २००५ च्या सुमारास आपल्याकडे बंद झाली. आता लस दंडात देतात, पहिला डोस चावल्याच्या दिवशीच, आणि जखम आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. टिपूचा त्यात काही दोष नव्हता. तो आजारी होता. हे तुमच्या घरच्यांना अजून कुणी सांगितलं नसेल तर माझ्या नावाने सांगा.

नोंदीसाठी: तुमच्या डॉक्टरांकडचे केसपेपर जपून ठेवा. तारीख, वजन, लस, आजार, सगळं त्यात असतं. मुंबईत ज्यांची जनावरं परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये जायची, त्यांच्या घरी जुने पिवळे कागद अजून सापडतात. मी दोन पेशंटांच्या मालकांकडे बघितलेत, दोघांनीही ते फोटोंच्या अल्बममध्ये लावलेत.

आणि शेवटचं विचारायला संकोच वाटतो, पण वेळ आल्यावर धावपळ होते म्हणून आधीच बोलून ठेवावं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना पुरायला जागा नसते. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी दहनाची सोय केली आहे, तिथे गॅसवर दहन होतं. तुमच्या पालिकेत काय आहे ते आत्ताच चौकशी करून नंबर फ्रिजवर लावा. भिंगरी खाते-पिते, तुम्ही पिशवी लावली की जवळ येते, म्हणजे तिला अजून जगण्यात गोडी आहे. ती येईनाशी झाली की डॉक्टरांशी बोला.

---

पडवीतला

डॉक्टरसाहेब, आभार. पिशवी आज कोमट करून लावली. फरक लगेच दिसला, अंग चोरलं नाही तिने. चौकशीही केली, नंबर लावलाय. बायको म्हणाली फ्रिजवर नको, कपाटाच्या आतल्या बाजूला लाव. तसा लावला.

ताई, ठसा घेतला. गेरू कालवून बशीत घेतला, पुढचा उजवा पंजा. पहिले दोन कागद तिने ओढून चुरगळले, तिसऱ्यावर चारही बोटं आणि मधली गादी स्वच्छ उठली. मुलीला फोटो पाठवला. ती म्हणाली, दिवाळीला येते तेव्हा मला खरा कागद दे, फोटो नको.

आईला रोज संध्याकाळी एक प्रश्न विचारतो आणि ती सांगते ते तिच्याच शब्दांत उतरवतो. जुन्या वहीत काही निघतंय का तेही बघितलं. आमची तांबू गोठ्यातच जन्मली, त्यामुळे पावती नाही. पण 'निसर्ग' वादळात, ३ जून २०२० ला, गोठ्याचं छप्पर उडालं तेव्हा गडी माणसाने आढ्याजवळचं सगळं सामान उतरवून ठेवलं होतं, त्यात तिच्या गळ्यातली पितळी घंटा निघाली. ती आईकडे आहे. कुलवृत्तांताच्या संपादकांनी परिशिष्टाला होकार दिलाय, प्रत्येक घराला एक पान. तांबूची नोंद मी फॉर्मच्याच पद्धतीने लिहिली आहे. बघा आणि सुचवा:

'तांबू. गावठी गाय. रंग तांबडा, कपाळी पांढरा टिळा, डावं शिंग किंचित खाली. जन्म घरच्या गोठ्यात, आईचं नाव चांदी. वेतं सात, चार पाड्या, तीन पाडे. एक पाडी धाकट्या आत्याच्या सासरी दिली, तिचा वंश तिथे बरीच वर्षं होता. दूध बेताचं, साय जाड. चरायला सड्यावर जाई, गुराखी लागत नसे. पावट्याच्या वेलाची खोड होती, त्याबद्दल शेजाऱ्यांशी दोन वेळा बोलाचाली झाली. आजीखेरीज कुणाला धार देत नसे. आजीच्या पश्चात आजीच्या लुगड्याच्या वासावर आईला देऊ लागली. भाकड झाल्यावर दलाल दारात आला, बाबांनी त्याला पाणी देऊन परत पाठवलं. म्हातारपणी गोठ्यातच गेली. आगरात विहिरीच्या वरच्या अंगाला पुरली आहे.'

'पावट्याच्या वेलाची खोड' हे आईने आग्रहाने घालायला लावलं. म्हणाली, नुसतं चांगलंच लिहिलंस तर ती तांबू वाटणार नाही.

चुलतभावाला हे पान पाठवलं. त्याचा काल रात्री फोन आला. त्यांच्या घरच्या काळ्या बोक्याचं कुणी लिहिणार आहे का, असं विचारत होता. मी म्हटलं तूच लिही, एक पान तुझंही आहे.

गोदाकाठ, मोराच्या पावतीचा फोटो इथे टाकता आला तर जरूर टाका. आणि आत्तापर्यंत गाय, बैल, कुत्रा, मांजर, पोपट झाले. शेळ्या, कोंबड्या, घोडी ज्यांच्याकडे होती त्यांनी अजून काहीच लिहिलेलं नाही. आमच्या पानांची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, इथे मात्र कधीही लिहा, मी आणि आई दोघं वाचतो.